आयला कांगसचे तीन अर्ज

आयला कांगस माझ्या वर्गात चार वर्षं होती, पण तिनं आपणहून हात वर केल्याचं मला आठवत नाही. विचारलं की उत्तर द्यायची, आणि ते बरोबर असायचं. ग्रेव्हल पॉइंटच्या शाळेत मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. तेवढ्या काळात विषय खरोखर कळलेली मुलं सात-आठच मिळाली. त्यांतली बाकीची सगळी गाव सोडून गेली. नाताळला येतात, हात मिळवतात, "सर, अजून इथेच?" म्हणतात. आयला राहिली.

शाळेच्या शेवटच्या वर्षी, मे महिन्यात, तिच्या बापाच्या अंगावर मेपलचं झाड पडलं. तो लाकूडतोडीच्या कामावर होता. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं चार-पाच शब्दांवर आलं. आई कधीच दुसरा संसार करायला निघून गेलेली. विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं पत्र घरात आलेलं होतं. आयलानं "पुढच्या वर्षी येईन" असं कळवून टाकलं. ते पुढचं वर्ष यायला बारा वर्षं लागली. तेवढी वर्षं बापाला कुशीवर वळवणं, भरवणं, दर शनिवारी सौनात, घरामागच्या वाफेच्या खोलीत, नेऊन बसवणं, हे सगळं तिनं एकटीनं केलं. पोटासाठी जिल्ह्याच्या रुग्णवाहिकेवर नोकरी धरली. परीक्षा देत देत ती तिथली सर्वांत वरच्या दर्जाची कर्मचारी झाली. बाप गेला तेव्हा ती तीस वर्षांची होती.

त्याच सुमारास आमच्या जिल्ह्याच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला. डॉक्टर टिकत नाहीत, बाळंतपणं कमी, अशी कारणं सांगितली गेली. तेव्हापासून इथल्या बायकांना चौऱ्याऐंशी मैलांवर जावं लागायचं, आणि तो रस्ता मोठ्या तळ्याच्या काठानं जातो. तळ्यावरून बर्फाचा वारा सुटला की पुढची गाडी दिसत नाही.

पुढच्या फेब्रुवारीत केरा पेनहेलला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. केरा चोवीस वर्षांची होती. तीही माझीच विद्यार्थिनी. तिची आई ग्लेनिस गावात पास्टीचं दुकान चालवते. मांस, बटाटा, सलगम भरून करंजीसारख्या भाजलेल्या तिच्या पास्ट्यांवर आमच्या गावाच्या तीन पिढ्या वाढल्या आहेत. केराचा नवरा दूर डकोटात तेलविहिरींवर कामाला होता. भर दुपारी रुग्णवाहिका निघाली. पुढे बर्फ बाजूला सारणारी गाडी, मागे ही. मूल वाटेतच, आयलाच्या हातात जन्मलं. मुलगी होती, आणि सुखरूप होती. पण नंतर केराचं रक्त थांबेना. आयला पन्नास मिनिटं हातानं गर्भाशय दाबून धरून बसली होती. इस्पितळ अकरा मैलांवर असताना केरा गेली.

एवढंच गावाला कळलं. खटला होईल म्हणून जिल्ह्याच्या वकिलानं रुग्णवाहिकेच्या सगळ्यांना ताकीद दिली होती, कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही.

एप्रिलमध्ये आयला माझ्या दारात उभी राहिली. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो.

"सर, मला रसायनशास्त्र परत शिकता येईल?"

"कशासाठी?"

"डॉक्टर व्हायचंय."

मी तिला आत घेतलं. बसायला खुर्ची दिली. म्हणालो, "तू एकतीस वर्षांची आहेस."

"मला ठाऊक आहे मी किती वर्षांची आहे ते. शिकता येईल की नाही, तेवढं सांगा."

दोन वर्षं ती साठ मैलांवरच्या कॉलेजात जात राहिली. ड्युटी संपवून तशीच, अंगात गणवेश असताना. रविवारी माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी आम्ही सेंद्रिय रसायनशास्त्र करत बसायचो. तिची बुद्धी गंजली नव्हती, फक्त सावध झाली होती. उत्तर आलं तरी दोनदा तपासायची. गावात चेष्टा व्हायचीच. पेट्रोलपंपावरचा रेयनो तिला बघितलं की हाक मारायचा, "काय डॉक्टरीणबाई, तुम्ही येईपर्यंत थांबू की मरून घेऊ?" ती म्हणायची, "तू थांब. तुला मरायलाही उशीरच होईल."

तिला जायचं होतं ते राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या ग्रामीण शाखेत. जागा फक्त दहा, अर्ज साडेचारशे. आमच्यासारख्या गावांतून यायचं, शिकायचं आणि आमच्यासारख्या गावांत परत जायचं, असा तिथला नियम. प्रवेश परीक्षेत आयलाला चांगले गुण मिळाले. खूप चांगले नाही, चांगले. पण अर्जाबरोबर एक निबंध लागायचा: तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय?

मी म्हणालो, "यात विचार करण्यासारखं काय आहे? केराचं लिही."

ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. "ते माझं नाही, सर."

"तुझंच आहे. तू होतीस तिथे."

"मी होते. पण मेली ती."

शेवटी ती एवढ्यावर कबूल झाली की ग्लेनिसला विचारायचं. मीच तिला गाडीतून घेऊन गेलो. सकाळची वेळ होती, दुकानामागच्या खोलीत ग्लेनिस पास्ट्यांच्या कडा मुडपत होती. केराची मुलगी टेस, अडीच वर्षांची, पिठाच्या पोत्यावर बसून चमचा चाटत होती. आयलानं सगळं सरळ सांगितलं. अर्ज, निबंध, दहा जागा. काही गाळलं नाही.

ग्लेनिसचे हात थांबले नाहीत. हातातली पास्टी पुरी केली, पत्र्यावर ठेवली, मग म्हणाली, "नाही."

मी मध्ये तोंड घातलं. "ग्लेनिस, नाव येणार नाही. आणि हिला जागा मिळाली तर उद्या दुसऱ्या कुणाची तरी लेक..."

"सर, मी तुमच्याशी बोलत नाहीये." ती आयलाकडे वळली. "तू वाईट पोरगी नाहीस. पण माझी लेक म्हणजे तुझी शिडी नाही. तुला वर चढायचंय ना, मग दुसरं काहीतरी टेकव भिंतीला."

"बरं," आयला म्हणाली. तिनं टेसकडे एकदा बघितलं आणि आम्ही बाहेर पडलो.

निबंध तिनं बापावर लिहिला. बारा वर्षं एका माणसाचं अंग सांभाळताना काय शिकले, असा. मला तो आवडला होता. पण नोव्हेंबरात दोन ओळींचं उत्तर आलं. मुलाखतीलाही बोलावलं नाही.

माझा संताप झाला. तिचा झाला नाही, किंवा तिनं दाखवला नाही. म्हणाली, "पुढच्या वर्षी परत."

इथून पुढचं सांगणं मला जड जातं, पण ते गाळलं तर बाकीच्याला अर्थ नाही. दुसऱ्या अर्जासाठी तिनं माझ्याकडे शिफारसपत्र मागितलं. ही पत्रं आम्ही थेट महाविद्यालयाला पाठवतो. उमेदवारानं ती वाचायची नाहीत, अशी रीत आहे. मी तीन संध्याकाळी बसून पत्र लिहिलं. तिचे गुण, तिची सचोटी, तिचा बाप. आणि मग केरा. नाव घातलं नाही. पण तो रस्ता, तो बर्फ, ती पन्नास मिनिटं, गावात ऐकलेलं सगळं उतरवलं. मनाशी म्हटलं, आयलानं लिहायचं नाही असं तिचं ठरलंय, माझं कुठे ठरलंय? मला वाटत होतं, मी तिच्यासाठी करतोय. बरंचसं तिच्यासाठीच होतं. पण इतक्या वर्षांत माझी एक तरी विद्यार्थिनी तिथे पोचावी, हीही हाव त्यात होती. ती मला तेव्हा दिसली नाही.

या खेपेला मुलाखतीचं बोलावणं आलं. जानेवारीत ती गेली. परत आल्यावर थेट माझ्याकडे आली. बूटही काढले नाहीत, दारातच उभी राहिली.

"सर, पत्रात तुम्ही केराचं लिहिलंत?"

मी कॉफी ओतत होतो. "हो."

"मी नाही म्हटलं होतं."

"तू लिहिणार नव्हतीस. मी लिहिणार नाही असं कुठे ठरलं होतं?" हे वाक्य मी कित्येक महिने तयार ठेवलं होतं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते कॉपी करताना पकडलेल्या पोराच्या सबबीसारखं वाटलं.

मग तिनं तिथे काय झालं ते सांगितलं. एका लांब बोळात आठ दारं. प्रत्येक दाराआड एक परीक्षक आणि आठ मिनिटं. घंटा झाली की पुढचं दार. सहाव्या दाराआड पांढऱ्या केसांची एक डॉक्टर बसली होती. समोर माझं पत्र.

"तुमच्या शिक्षकांनी एका बाळंतिणीबद्दल लिहिलंय," ती म्हणाली. "त्या दिवसाबद्दल सांगाल?"

"नाही."

"का बरं?"

"तिच्या आईनं मला नको म्हणून सांगितलंय."

"पण इथे तर लिहिलंय."

"ज्यांनी लिहिलं त्यांनी कुणाला विचारलं नाही. तेवढा मजकूर तुम्ही धरू नये, अशी माझी विनंती आहे."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "यात तुमची काही चूक झाली होती, म्हणून बोलत नाही का?"

"चूक झाली की नाही, हे मी स्वतःला रोज विचारते. त्याचं उत्तरही आधी तिच्या आईला द्यायला हवं, तुम्हाला नाही."

पुढची पाच मिनिटं दोघी गप्प बसून राहिल्या. मग घंटा झाली.

एवढं सांगून आयला मला म्हणाली, "तुम्ही माझ्या भल्यासाठी केलंत, हे कळतं मला. म्हणून तर जास्त राग येतोय. वाईटासाठी केलं असतंत तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते." आणि ती गेली. कॉफी तशीच राहिली.

तिथून ती ग्लेनिसकडे गेली. ते मला पुढे ग्लेनिसनंच सांगितलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत आयला भिंतीशी थांबली. मग म्हणाली, "मिसेस पेनहेल, केराची गोष्ट बाहेर गेली. माझ्या अर्जातून गेली."

"कुणी सांगितली?"

"माझ्याकडून गेली. म्हणजे मीच."

माझं नाव तिनं घेतलं नाही. ग्लेनिसला ते कळायला वेळ लागला नाही, तो भाग वेगळा. ग्लेनिसनं दाराची पाटी फिरवली, कडी लावली, आणि स्टुलावर बसली. म्हणाली, "चार वर्षं झाली. माझी लेक शेवटी काय बोलली, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. एका माणसानंही नाही."

"आम्हाला बोलायला मनाई होती."

"ठाऊक आहे. तो वकील माझ्याकडेपण आला होता, टोपी हातात घेऊन. पण तू परक्या लोकांना सांगायला निघालीस ना? त्या लोकांना, ज्यांनी तिचं तोंडपण बघितलं नव्हतं. आणि मला? माझ्याकडे तू परवानगी मागायला आलीस. सांगायला नाही आलीस."

आयला म्हणाली, "आता सांगू?"

"सांग."

तिनं सांगितलं. पहिल्या फोनपासून शेवटपर्यंत, जसं घडलं तसं. रक्त थांबवणारं एक औषध गाडीत ठेवायची तेव्हा पद्धत नव्हती, हेही सांगितलं. हात एका जागी दाबून धरायचा होता, म्हणून बाळाला उचलून केराला दाखवता येत नव्हतं. केरानं विचारलं, "केस आहेत का तिला?" मग बरोबरच्या कर्मचाऱ्यानं बाळ उंच धरलं. केरा हसली, म्हणाली, "अगं बाई, आईसारखी कपाळावर बट." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अजून लांब आहे?" आयलानं सांगितलं, जवळ आलं. तेव्हा तीस मैल उरले होते.

"मी खोटं बोलले तिच्याशी," आयला म्हणाली.

ग्लेनिसनं आपल्या कपाळावरची बट मागे सारली. मग म्हणाली, "बरं केलंस." दोघी तिथेच बसून होत्या. बाहेर लोक येत होते, पाटी बघून परत जात होते. उठताना ग्लेनिसनं तिला सांगितलं, "तरी लिहू मात्र नकोस."

"नाही लिहिणार."

मी माफी मागायला गेलो तो दोन दिवसांनी. ग्लेनिसनं माझ्या नेहमीच्या दोन पास्ट्या कागदात गुंडाळल्या आणि काउंटरवर ठेवल्या.

"सर, आठवतं का, केराला तुम्ही नापास केलं होतंत?"

"आठवतं."

"जिवंत होती तेव्हा नापास केलीत. आणि मेल्यावर तिच्या जिवावर दुसरीला पास करायला निघालात?"

मी पास्ट्यांचे पैसे ठेवले आणि बाहेर पडलो. त्याच आठवड्यात मी प्रवेश समितीला पत्र पाठवलं: माझ्या शिफारशीतला अमुक परिच्छेद लिहायचा मला अधिकार नव्हता, उमेदवाराला त्याची कल्पना नव्हती, दोष माझा आहे. त्याची पोच आली, उत्तर आलं नाही.

मार्चमध्ये आयलाचं नाव प्रतीक्षायादीत लागलं. पुढे दोघंच होते. जूनमध्ये एक जागा सुटली. मग एकच उरला. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी वर्ग सुरू व्हायचे होते. त्याच्या आदल्या आठवड्यात आयला फोन खिशात घेऊन रुग्णवाहिका धुवायची, आवाज झाला की ओले हात पँटला पुसायची. सोमवार आला, गेला. फोन आला नाही.

माझ्या पत्रामुळे तिची जागा गेली की काय, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. दोन्ही बाजूंनी विचार करून झाला. पत्र नसतं तर मुलाखतीलाच बोलावलं नसतं, असंही मन सांगायचं. मन वकिलासारखं असतं, कुणाचीही बाजू मांडतं.

सप्टेंबरात ती रविवारी पुन्हा यायला लागली. जीवरसायनशास्त्राचा एक पेपर सुधारायचा होता. मी विचारलं, "पत्र?"

"ते रुग्णवाहिकेचे प्रमुख देणार आहेत. आणि ग्रंथालयातल्या बाई."

"आणि निबंध?"

"लिहिला."

"वाचू का?"

तिनं वहीचं पान उलटलं. "हे समीकरण बघा ना, सर. इथे माझं सारखं चुकतंय."

त्या निबंधात तिनं काय लिहिलं, मला आजही माहीत नाही. मी पुन्हा विचारलं नाही. काही दारं बंद राहिलेलीच बरी असतात, हे शिकायला मला सत्तरी गाठावी लागली.

तिसऱ्या खेपेच्या मुलाखतीत त्याच पांढऱ्या केसांच्या डॉक्टरबाई होत्या की नाही, तेही तिनं सांगितलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी, दुपारी, मी पायऱ्यांवरचा बर्फ काढत असताना तिची गाडी थांबली. ती खाली उतरली आणि तिथेच उभी राहिली.

"सर, घेतलं मला."

मी फावडं टाकलं. तिला मिठी मारावी असं वाटलं, पण तेवढा हक्क माझ्याकडे उरला होता की नाही, याचा अंदाज येईना. ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "बाबांना सांगायचं होतं हो. त्यांना पाच शब्द यायचे, त्यांतला एक 'चांगलं' होता."

मी तिच्याशेजारी, थंड दगडावर, बसून राहिलो. त्या वेळी ती छत्तीस वर्षांची होती.

चार वर्षं शिक्षण, मग इस्पितळातली चार वर्षं, त्यात बाळंतपणाचं जादा प्रशिक्षण. वर्गातली मुलं तिला 'आई' म्हणायची. आधी चिडवायला, पुढे खरंच. ती गावी परत आली तेव्हा चव्वेचाळीस पुरी झालेली होती. रेयनो तोवर गेला होता, झोपेतच, तिची वाट न बघता. इस्पितळाचा तो विभाग काही पुन्हा उघडला नाही. पण भांडून भांडून तिनं दोन खोल्या मिळवल्या, दोन अनुभवी परिचारिका मिळवल्या, आणि रुग्णवाहिकेत ते औषध ठेवायला लावलं. पहिल्या हिवाळ्यात तिथे चौदा बाळंतपणं झाली. तेरा मुलं घरी गेली, एक वाचलं नाही. चौदाव्याच्या आजीकडे आयला दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गेली आणि सगळं सांगून आली. जिल्ह्याचा वकील आता नवा आहे. तो खूप चिडला, असं ऐकलं.

ग्लेनिस तिच्याकडे औषधाला जात नाही. खोकला झाला तरी शेजारच्या गावच्या डॉक्टरकडे जाते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तिचं चांगलं चाललंय, चालू दे. पण माझ्या छातीला नळी लावताना तिला काय आठवेल आणि मला काय आठवेल, ते मला नको." टेस मात्र शाळेची तपासणी आयलाकडेच करून घेते. ग्लेनिस तिला गाडीतून आणते आणि बाहेर, गाडीतच, बसून राहते.

दुसऱ्या डॉक्टरसाठी आयलानं दोन वर्षांपासून जाहिरात दिली आहे. एक जोडपं बघून गेलं. ऑक्टोबरातच बर्फ पडलेला पाहिला आणि परत आलं नाही. ती रजेवर गेली की बायकांना पुन्हा तळ्याकाठच्या त्या रस्त्यानं जावं लागतं, म्हणून ती रजा घेत नाही. चेहरा ओढलेला दिसतो. हे बरोबर नाही, एका माणसाच्या खांद्यावर एवढं टाकू नये, असं मी गेल्या महिन्यात तिच्या तपासणीच्या खोलीत तिला म्हणालो.

तिनं माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. "सर, थोडा वेळ बोलू नका. बोललं की आकडा चढतो."